ठाण्यातली पहिली थंडी? आधी एवढंच कर

घोडबंदरला येऊरच्या पायथ्याशी घर घेतलंयस ना, मग पहाटे गार लागणारच, घाबरू नकोस. आणि लगेच हीटर घ्यायला धावू नको, मी धावलो होतो, तो आता माळ्यावर पडलाय.

- गॅस गिझर असेल तर थंडी वाजते म्हणून बाथरूमची खिडकी बंद करायची नाही म्हणजे नाही, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. बादली भर, गिझर बंद कर, मग आंघोळ.
- एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे, दुपारी लोकलमध्ये एक काढता येतो.
- दही लागत नसेल तर दूध नीट कोमट घे, भांडं टॉवेलात गुंडाळ.

खोबरेल गोठलं तर बाटली गरम पाण्यात ठेव. बाकी क्रीम-बिम नंतर बघू.