ओढ्याचं पाणी मेसेज पाठवत नाही

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यात आंबिल ओढ्याला लागून आहे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्याचे मेसेज पाहून आवराआवर सुरू करावी का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : त्या मेसेजवर विसंबून राहू नका. धरणाचा विसर्ग हा मुठा नदीकाठच्यांसाठी, म्हणजे एकता नगरी, पुलाची वाडी, भिडे पूल इथल्यांसाठी इशारा. तुमचा ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. तिकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की धरणाचे दरवाजे बंद असले तरी तो भरतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तेच झालं. नदी चढायला तास लागतात, ओढ्याला मिनिटं पुरतात.

म्हणून ओढ्यावरच नजर हवी. पाणी एकदम गढूळ झालं, फांद्या-कचरा वाहून येऊ लागला, की तळमजला रिकामा करा. पुलाच्या मोरीत कचरा अडकून पाणी अचानक उतरलेलं दिसलं, तर खूश होऊ नका. ते वरच्या अंगाला फुगत असतं आणि तुंबारा सुटला की लोंढा येतो. सीमाभिंतीच्या आडोशाला तर अजिबात थांबू नये. पलीकडे पाणी साचून तिच्यावर दाब येतो. त्या रात्री अरण्येश्वरला भिंत कोसळूनच जीव गेले.

तळमजल्यावर पाणी दारातून येण्याआधी बहुधा संडासातून येतं, कारण ड्रेनेज लाइन उलटी वाहू लागते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच-सात किलो वाळू भरून, तोंड घट्ट बांधून भांड्यात दाबून बसवा. न्हाणीघराच्या जाळीवरही एक. पाणी जावं म्हणून रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण मात्र उघडू नका. गढूळ पाण्यात ते भोक कुणाला दिसणार?

प्रश्न : मीटर पार्किंगमध्येच आहेत. वीज केव्हा बंद करावी?
– सोसायटी सचिव, सिंहगड रस्ता

उत्तर : पार्किंगची फरशी कोरडी असतानाच. आधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, मग पंप, मग मेन स्विच. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. इन्व्हर्टर हमखास विसरला जातो! मेन पाडला तरी तो घरात वीज सोडतच राहतो, त्यामुळे तो वेगळा बंद करायचा. मीटरपर्यंत जाण्याच्या वाटेवर पाणी आलं असेल तर कुणीही आत पाय टाकायचा नाही. महावितरणला 1912 वर फोन करून पुरवठा तोडायला सांगा. 2024 च्या जुलैत पुलाची वाडी इथे पाण्यातली हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. पाणी ओसरल्यावरही वायरमनने तपासल्याशिवाय मेन चढवू नका.

प्रश्न : बेसमेंटमध्ये गाडी बुडाली तर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पाणी चढत असताना गाडी काढायला खाली उतरू नका, रॅम्पवरून लोंढा आला तर वर येता येत नाही. ओसरल्यावर स्टार्टर मारून पाहण्याचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनी त्या खर्चाला बहुधा नकार देते. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टो करूनच न्या.