चॅलेंजर डावीकडे झुकलीय? बोल्टला हात लावायच्या आधी हे करा

तुमची १९७० ची डॉज चॅलेंजर, ३८३ घन इंचाचं इंजिन, पुढून डावीकडे पाऊण इंच खाली बसते आणि गॅरेजवाला म्हणतो पुढच्या कॉइल स्प्रिंग बदला. त्याच्याकडे परत जाऊ नका. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीतच! त्या मस्टँगला, कॅमॅरोला. डॉज ज्या क्रायस्लरची, तिने १९५७ पासून टॉर्शन बार बसवायला सुरुवात केली होती. लांब पोलादी कांब, मागचं टोक क्रॉसमेंबरमध्ये (गाडीखालच्या आडव्या तुळईत) पक्कं, पुढचं लोअर कंट्रोल आर्ममध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यात. चाक उचललं की कांबेला पीळ बसतो, तीच स्प्रिंग.

पुढे झुकलीय म्हणून दोष पुढेच असेल असं धरू नका. टायरमध्ये हवा सारखी भरा, सपाट जागी पुढच्या चाकांना ओंडके लावा आणि जॅक डिफरन्शियलच्या (मागच्या आसावरच्या मधल्या गोळ्याच्या) बरोब्बर मध्यावर ठेवून मागची चाकं जेमतेम उचला. (गाडीखाली शिरायचं नाही, फक्त बाहेरून मोजायचं.) आता मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) गाडीला कुठल्याच बाजूला झुकवू शकत नाहीत. नाक सरळ झालं तर डावा पाटा बसलाय. तसंच झुकलेलं राहिलं तर दोष पुढे. मी स्वतः ही चाचणी न करता दोन शनिवार बारचा उंचीचा बोल्ट फिरवत बसलो होतो, आणि शेवटी निघाला मागचा पाटा.

मोजताना फेंडरच्या कडेवरून मोजू नका. पन्नास वर्षांत पत्र्याचं काम किती वेळा झालंय कोण जाणे. कारखान्याची रीत अशी: लोअर बॉल जॉइंटचा (आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या सांध्याचा) तळ आणि बारच्या ॲडजस्टिंग ब्लेडचा (उंचीचा बोल्ट ज्या पट्टीला रेटतो तिचा) तळ, दोन्ही जमिनीपासून मोजायचे आणि वजाबाकी करायची. डाव्या-उजव्यात १/८ इंचाहून जास्त फरक नको.

उंचीचा बोल्ट लोअर आर्मच्या खालून दिसतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला की गाडी वर, उलटा फिरवला की खाली. पण चाकं जमिनीवर असताना फिरवायचा नाही, आटे जातात. गाडी उचला, स्टँडवर ठेवा, चाकं लोंबकळू द्या, आदल्या रात्री गंजावरचं तेल मारून ठेवा. एकेक फेरा द्या, खाली उतरवा, नाक चार-पाच वेळा दाबून सोडा, थोडी पुढे-मागे ढकला, मग मोजा. एक बाजू उचलली की दुसरीही थोडी हलते, त्यामुळे दोन्हीकडे परत बघावं लागतं. आणि मिशिगनमध्ये बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठात हिवाळे काढलेली गाडी असेल तर सगळ्यात आधी तो क्रॉसमेंबर ठोकून बघा. तिथे गंजाने पोखरलं असेल तर उंचीची गोष्टच सोडा, आधी वेल्डिंग.

बोल्ट आवळला की सस्पेंशन कडक होतं, हा गैरसमज फार पसरलाय. बोल्टने फक्त उंची बदलते. कडकपणा बारच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. हेमी इंजिनवाल्या गाडीला कारखान्यातून ०.९२ इंचाचा बार यायचा. त्याच लांबीचा १ इंचाचा घातलात तर कडकपणा साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. दिसायला फरक करंगळीच्या नखाएवढासुद्धा नाही! बार बदललेच तर टोकावरचं एल (डावा) आणि आर (उजवा) बघूनच लावा. बनवतानाच त्यांना एका दिशेने पीळ दिलेला असतो, उलट बाजूला लावलेला बार तुटू शकतो.

बुश (सांध्यातले रबरी तुकडे) नवे घालत असाल तर लोअर आर्म ज्यावर फिरतो त्या पिव्होटचा नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळा. लोंबकळत्या आर्मवर आवळलात तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उंची बदलली की अलाइनमेंट बिघडलंच समजा. करून घेताना जुन्या पुस्तकातला कॅस्टरचा (बाजूने बघता चाक वळण्याचा आस किती मागे झुकलाय त्या कोनाचा) आकडा देऊ नका, तो जुन्या बायस-प्लाय टायरांसाठी होता. आजच्या रेडियल टायरवर अप्पर आर्मचे कॅम (कोन बदलायच्या चकत्या) देतील तेवढा पॉझिटिव्ह कॅस्टर मागा, ३ अंशांच्या आसपास मिळाला तर उत्तम.

मागून उंच करायला एअर शॉक (हवा भरून उंच होणारे शॉक ॲब्सॉर्बर) लावायचा मोह होईल. नको. शॉकचे कान गाडीचं वजन पेलायला बनवलेले नाहीत.

जॅकवरची आणि जॅकशिवायची, दोन्ही मापं इथे टाका. डावा पाटा निघाला तर कुठले घ्यायचे ते मग सांगतो.