आईच्या नावाने देणगी द्यायचीय, पण कोणाला?

प्रश्न : आई कॅन्सरने गेली. किमो चालू होती तेव्हा ती रोज श्वासाचे व्यायाम आणि थोडी योगासनं करायची, त्याने तिला झोप लागायची, घाबरणं कमी व्हायचं, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आता आम्हा भावंडांना तिच्या नावाने इंटिग्रेटिव्ह उपचारांच्या, म्हणजे किमोसारख्या नेहमीच्या उपचारांच्या जोडीने द्यायच्या योग-श्वसनासारख्या उपचारांच्या संशोधनाला पैसे द्यायचेत. एका केंद्राचं माहितीपत्रक आलंय, त्यात बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो आणि अनुभव भरपूर आहेत. द्यावेत का?
– एक वाचक

उत्तर : पैसे जरूर द्या, पण त्या पत्रकावरून ठरवू नका. बरे झाले त्यांचेच फोटो छापतात, जे नाही झाले ते पत्रकात येतच नाहीत, मग उपयोग किती झाला हे कळणार कसं?

तुमच्या आईला जे जाणवलं ते खरंच आहे. २०१३ साली उपचार संपलेल्या, झोपेचा त्रास असलेल्या ४१० जणांवरचा एक अभ्यास आला, निम्म्यांना नेहमीच्या देखभालीसोबत योगाचे वर्ग दिले, त्यांची झोप जास्त सुधारली आणि झोपेच्या गोळ्याही कमी लागल्या. अशा अभ्यासाला पैसा मिळणं अवघड जातं, कारण श्वासाचं किंवा चालण्याचं पेटंट कोणाकडे नसतं, औषध कंपनी त्यावर खर्च का करेल? आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झालेल्या ८८९ जणांची एक ट्रायल बघा, २०२५ मध्ये निकाल आला. अर्ध्यांना तीन वर्षं नीट आखलेला व्यायाम, अर्ध्यांना फक्त आरोग्याची माहिती, आणि आठ वर्षांनी व्यायामवाल्यांपैकी साधारण ९० टक्के हयात होते, दुसऱ्या गटात ८३. पेशंट घ्यायला २००९ मध्ये सुरुवात झाली होती, म्हणजे किती वर्षं लागली बघा, आणि हे सगळं कॅनडातल्या कॅन्सर सोसायटीसारख्या संस्थांच्या पैशावर चाललं. तुमच्यासारख्यांची देणगी इथे कामाला येते.

आणि हो, संशोधनाने 'नाही' म्हटलं तरी ते पैसे वाया जात नाहीत. जर्दाळूच्या बियांपासून मिळणाऱ्या लेट्राईलवर कितीतरी लोकांनी भरवसा टाकला होता, १९८२ मध्ये १७८ पेशंटवरचा अभ्यास छापून आला तेव्हा कळलं की कॅन्सरवर परिणाम शून्य आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलेलं.

केंद्राला फोन करून सरळ विचारा. ट्रायल सुरू करण्याआधी सार्वजनिक रजिस्टरमध्ये नोंदवलीय का, एथिक्स कमिटीची (पेशंटच्या हिताच्या दृष्टीने संशोधन तपासणारी समिती) परवानगी आहे का, तुलनेसाठी दुसरा गट आहे का, निकाल उलटा आला तरी छापणार का. भाग घेणाऱ्या पेशंटकडूनच फी घेत असतील तर मला ते अजिबात पटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किमो, रेडिएशन, ऑपरेशन चालू ठेवून त्याच्या जोडीने उपचार देतात की ते सोडायला सांगतात? सोडायला सांगत असतील तर एक रुपयाही देऊ नका. न पसरलेल्या कॅन्सरमध्ये नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट दिसला होता, २०१८ चा अभ्यास आहे.

उत्तरं टाळली तर मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन विभागाकडे जा, तिथे झोप, थकवा, मळमळ, भीती यावर काम करणारी टीम आहे का विचारा. रक्कम छोटी असली तरी चालते, रिसर्च नर्सचा काही महिन्यांचा पगारसुद्धा अशा कामात अडलेला असतो. देताना पत्रात स्पष्ट लिहा की हे पैसे पेशंटची झोप आणि भीती यावरच्या अभ्यासासाठीच आहेत, आणि पावतीवरही तसंच लिहून मागा.