तैवानच्या रक्षणाची तयारी: सज्जता अहवालाच्या कलमात काय बघायचं

'तैवानच्या रक्षणासाठी अमेरिकी लष्कर किती सज्ज आहे, याचा अहवाल द्या' असा कायदा अमेरिकी काँग्रेसने केला, तर अमेरिका लढायला बांधली जाते का, असा प्रश्न आहे. नाही. 1954 चा संरक्षण करार 1 जानेवारी 1980 ला संपला. उरला 1979 चा तैवान संबंध कायदा. त्यानुसार तैवानला बचावाची शस्त्रं द्यायची आणि बळजबरी रोखण्याची स्वतःची क्षमता अमेरिकेने राखायची. लढायचं का, हे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस वेळ आल्यावर ठरवणार. पण क्षमता राखा म्हटलं, तर ती राखली का हे दरवर्षी विचारायला नको? म्हणून मला ही कलमं मोलाची वाटतात.

आधी विधेयक कुठवर पोचलंय ते बघा. असाच अहवाल मागणारा 'तैवान डिफेन्स ॲक्ट' 2020 मध्ये मांडला, 2021 मध्ये पुन्हा मांडला, मंजूर झाला नाही. अशी स्वतंत्र विधेयकं बहुतेक बारगळतात. त्यांतला मजकूर तगला तर वार्षिक संरक्षण कायद्यातलं, म्हणजे एनडीएएतलं, एखादं कलम होऊन. अहवाल कोणी, कोणत्या समितीला, किती दिवसांत द्यायचा, हे त्या कलमात असतं. शिवाय गोपनीय जोडपत्राची मुभा बहुधा असते, आणि नेमके आकडे सहसा तिथेच जातात.

खरी मेख मोजमापात आहे. तुकडीची सज्जता मनुष्यबळ, हाताशी असलेली सामग्री, तिची अवस्था आणि प्रशिक्षण यांवर ठरते. प्रत्येकाला श्रेणी मिळते, सी-1 सर्वांत चांगली. या चार बाबींतली सर्वांत वाईट श्रेणी तीच साधारणपणे तुकडीची एकूण धरतात. पण ग्वाम या अमेरिकी तळाच्या बेटाहून तैवान सुमारे 2,700 किलोमीटर, चीनहून सामुद्रधुनीच्या अरुंद भागात जेमतेम 130. सी-1 तुकडी तिथे पोचणार कशी, इंधन कुठून, दारूगोळा किती दिवस पुरेल, यातलं काहीच श्रेणीत दिसत नाही. सीएसआयएस या अमेरिकी अभ्यास संस्थेने जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात, म्हणजे काल्पनिक युद्धाच्या सरावात, लांब पल्ल्याची जहाजविरोधी क्षेपणास्त्रं पहिल्या आठवड्यातच संपली. म्हणून ज्या कलमात ठरावीक प्रसंग (समजा, मदत पोचण्याआधीच चीनने बेट घेणं), मुदत आणि साठा तिन्ही मागितलेत, तेच कामाचं.

सोबत खर्चाचा, म्हणजे प्रत्यक्ष पैसे मंजूर करणारा, कायदाही उघडा. डिसेंबर 2022 च्या एनडीएएने तैवानला वर्षाला 2 अब्ज डॉलरपर्यंत लष्करी अनुदानाची परवानगी दिली. पण त्याच महिन्यातल्या खर्चाच्या कायद्यात अनुदानाऐवजी कर्जाची तरतूद झाली.