लेथवरच्या रफ बोरिंगचा (भोक आतून मोठं करण्याचा) टूलपाथ कॅममध्ये, म्हणजे मशीनचा कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कसा लावायचा? बाहेरचं टर्निंग बरोबर येतं, पण बोअरमध्ये बार जॉबला घासतो.

तुमचा जॉब असा दिसतोय: ईएन ८ स्टीलचा ६५ चा गोल बार (सगळी मापं मिमीत), लांबी ६०, आरपार ३० चा बोअर आणि तोंडाकडून ३५ खोलीपर्यंत ४२ चा स्टेप. सध्या २२ चं ड्रिल आणि १६ चा बोरिंग बार (भोकात जाणारा टूलचा दांडा, पुढे नुसता ‘बार’). सिम्युलेशनमध्ये इन्सर्ट (टोकावरची कापणारी टिप) मोकळा जातो आणि मशीनवर बारची पाठ घासते. मी नाशिकजवळ अंबडला जॉब शॉपमध्ये प्रोग्रॅमिंग करतो. असे बुश आमच्याकडे सतत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेरच्या टर्निंगमध्ये टूल मागे घ्यायला जागाच जागा असते. बोअरमध्ये मागे यायचं म्हणजे सेंटरकडे यायचं आणि तिकडे समोरची भिंत उभी असते. म्हणून सगळ्यात आधी बारचं गणित मांडा. एस१६आर एससीएलसीआर ०९ या बारचं टोक बारच्या सेंटरपासून ११ वर असतं. बारची त्रिज्या ८. म्हणजे टोकापासून पाठीपर्यंत १९. तुमचं भोक २२ चं, त्रिज्या ११. टोक एक्स १६ वर (एक्स व्यासात मोजतात, म्हणजे सेंटरपासून ८) आलं की पाठ समोरच्या भिंतीला टेकलीच. आता तुमच्या ऑपरेशनमधला रिट्रॅक्ट किंवा क्लिअरन्स डायमीटर, म्हणजे टूल मागे येऊन थांबतं तो व्यास, बघा. तो शून्यावर राहिला असेल तर घासण्याचं कारण सापडलं. २२ च्या भोकात तो २० ठेवा. त्याहून खाली जाऊ नका, चिपलाही जागा लागते. टूल लायब्ररीत नुसता इन्सर्ट भरलेला असेल तर सॉफ्टवेअरला बार आहे हेच माहीत नसतं. होल्डर मापासकट भरा आणि कोलिजन चेक चालू करा.

पण तुमच्या जागी मी २२ चं ड्रिलच लावलं नसतं. बोअर ३० चा आहे, मग २६ चं ड्रिल मारा आणि २० चा बार घ्या. आरपार बोअरसाठी बार निदान ६८ बाहेर काढावा लागेल. १६ च्या बारला ते सव्वाचार पट होतं आणि स्टीलचा बार चार पटीपुढे गेला की थरथरून गायला लागतो. २० च्या बारला तेच जेमतेम साडेतीन पट. वाकणं व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतं, त्यामुळे तेवढ्याच ओव्हरहँगला (बाहेर काढलेल्या लांबीला) २० चा बार जवळपास अडीचपट ताठ. फीड आणि स्पीड बदलत बसून एवढा फरक पडत नाही. या बारचं टोक ते पाठ अंतर २३, म्हणजे २६ च्या भोकात मर्यादा एक्स २०. रिट्रॅक्ट २४ ठेवा. शॉपमध्ये बार नसेल तर सातपूर-अंबडच्या कुठल्याही टूल डीलरला फोन करा, ही रोजच्या मागणीतली साइझ आहे.

आता स्टॉक, म्हणजे कापायचा उरलेला धातू. ड्रिलचं भोक सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर ते सेंटरपासून भरीव धातू धरून हवेत पास मारत बसतं. आधीच्या ड्रिल ऑपरेशनवरून उरलेला स्टॉक घ्या, किंवा आतला व्यास सरळ २६ टाका. पण ड्रिलचं टोक विसरू नका. ११८ अंशाच्या ड्रिलचं शंकूसारखं टोक व्यासाच्या ०.३ पट लांब असतं, २६ ला ७.८. बोअर झेड (तोंडापासून आतली खोली) उणे ६२ पर्यंत न्यायचा तर ड्रिलचं टोक उणे ७२ पर्यंत जायला हवं, तेव्हा कुठे उणे ६४ पर्यंत पूर्ण व्यास मिळतो. पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) नंतर होणार असेल तर पुढे भरीव धातूच आहे. तिथे ड्रिल कमी गेलं तर बोरिंगचा इन्सर्ट त्या शंकूच्या भागात घुसतो आणि तुटतो.

कट बाजूला १ ते सव्वा मिमी, फीड फेऱ्याला ०.१५ ते ०.१८, इन्सर्ट सीसीएमटी ०९टी३०४. रफिंग आहे म्हणून बरेच जण ०.८ नोज (इन्सर्टच्या टोकाची गोलाई) घेतात. मी लांब बारवर ०.४ च घेतो, कारण नोज मोठा झाला की बार आडवा ढकलला जातो. त्याच कारणाने कट नोज रेडियसपेक्षा कमी ठेवू नका. फिनिशसाठी व्यासावर ०.४ आणि झेडमध्ये ०.१ सोडा. काही सॉफ्टवेअर हा आकडा त्रिज्येवर मागतात, काही व्यासावर. डायलॉग बॉक्सवर विश्वास न ठेवता कोड उघडा: ४२ च्या स्टेपला शेवटचा रफ पास एक्स ४१.६ वर दिसला पाहिजे.

जी ९६ वर (यात व्यासानुसार आरपीएम बदलून कटिंग स्पीड एकसारखा राहतो) मिनिटाला १६० मीटर धरला तर २६ व्यासाला साधारण १९६० आरपीएम येतात. वर जी ५० एस २००० (आरपीएमची कमाल मर्यादा) टाकाच, नाहीतर चुकून एक्स शून्याकडे गेला की स्पिंडल सुटतो.

पोस्टमधून (कॅमचा टूलपाथ मशीनच्या कोडमध्ये बदलणारा भाग) लांबलचक कोडऐवजी जी ७१, म्हणजे मशीनची तयार रफिंग सायकल, काढता येत असेल तर काढा. चिप तुटत नसेल तर ऑपरेटर मशीनवरच कट बदलू शकतो. मात्र बोअरसाठी जी ७१ मधला एक्सचा अलाउन्स (फिनिशसाठी सोडलेला धातू), म्हणजे यू, उणे असतो: यू उणे ०.४. काही पोस्ट तो अधिक टाकतात आणि बोअर पहिल्याच जॉबला मोठा होतो. सायकलचा सुरुवातीचा पॉइंट एक्स २५, झेड २ ठेवा. बाहेर पडताना आधी झेड, मग एक्स.

खरं सांगायचं तर एवढ्या साध्या दोन स्टेपच्या बोअरला मी कॅम उघडतही नाही, हाताने जी ७१ लिहितो. आत टेपर, रेडियस किंवा रिसेस असला की मात्र कॅमच बरं.

सेटअप शीटवर बारचा ओव्हरहँग ठळक लिहा. तुम्ही कॅममध्ये ६८ धरलं आणि रात्रपाळीच्या सेटरने बार ८५ काढला तर कोलिजन चेकला अर्थ उरत नाही. शेजारच्या स्टेशनवरचं लांब ड्रिल चकला लागतं का, तेही टरेट हाताने फिरवून बघा. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, रॅपिड २५ टक्क्यांवर चालवा.