जुन्या पेट्रोल फोर-बाय-फोरमध्ये कोणती ऑइलं घालावीत आणि इग्निशनचं काय काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी पेट्रोल, कार्बोरेटरवाली, पॉइंट (कॉइलचा करंट उघडझाप करणारे संपर्क) असलेला डिस्ट्रिब्युटर, मॅन्युअल गिअरबॉक्स. मागच्या मालकाने कशात काय ओतलंय याचा पत्ता नाही, आणि पाण्यातून काढली की मिसिंग मारते, म्हणजे इंजिन मधूनच ठोका चुकवतं. ‘सगळीकडे भारीतलं सिंथेटिक आणि इरिडियम प्लग टाकून मोकळा होऊ का?’ असं विचारलंय. माझं म्हणणं, नका होऊ. जुन्या गाड्यांवर मी बरीच वर्षं हात काळे करतोय. त्यांना महाग माल लागत नाही, त्यांच्या काळचा माल लागतो. सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि त्यातला ऑइलांचा तक्ता आधी वाचा. तिथे माझं आणि मॅन्युअलचं जमलं नाही तर मॅन्युअलचं ऐका.

इंजिन ऑइलवर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, खरं तर तिथे फार डोकं लावायची गरज नाही. जुन्या इंजिनातल्या फटी ढिल्या असतात, त्यामुळे गरम हवेत २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० आणि थंडीच्या प्रदेशात १०डब्ल्यू-४० बहुतेकांना चालतं. एक गोष्ट मात्र बघा. रोलर नसलेल्या टॅपेटच्या इंजिनात कॅम आणि टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) एकमेकांवर घासत चालतात आणि त्यांना जस्त-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह वाचवतं. नव्या ऑइलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी हे कमी केलंय. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसएम आणि त्यापुढच्या दर्जांत ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडना ती लागू नाही. म्हणजे नव्या गाडीचं पातळ ऑइल यात ओतू नका, एवढं सांभाळलंत तरी पुरे. ब्रँड कुठला का असेना, वेळेवर बदला.

खरी गडबड होते गिअरबॉक्समध्ये. गिअर ऑइलचे दोन दर्जे, जीएल-४ आणि जीएल-५. या दोन डब्यांत ‘५ म्हणजे ४ पेक्षा चांगलं’ असं समजून लोक सगळीकडे जीएल-५ ओततात. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह साधारण दुप्पट असतात, कारण ते डिफरन्शियलच्या (अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीच्या) हायपॉइड क्राउन-पिनियनसाठी आहे. तिथे दात एकमेकांवर घसरत, प्रचंड दाबाखाली फिरतात. गिअरबॉक्समधल्या, गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला मात्र थोडं घर्षण हवं असतं. जीएल-५ ने ती जास्त निसरडी होते, गिअर पडताना खरखर येते, आणि काही जीएल-५ ऑइलं कालांतराने पितळही खातात. म्हणून मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर गिअरबॉक्सला जीएल-४ च, आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला जीएल-५. डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणारं) असेल तर त्याला फ्रिक्शन मॉडिफायर असलेलं ऑइल लागतं, नाहीतर वळणावर धडधडतं.

ट्रान्सफर केसबाबत (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीबाबत) अंदाजाने जाऊ नका. गिअरवर चालणाऱ्या केसला बहुधा गिअर ऑइल असतं. साखळीच्या कितीतरी केसना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लागतं. काही जुन्या गिअरबॉक्सना तर इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं. ते वाचून दचकू नका. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगवेगळ्या मापाचे आहेत. ९० नंबरचं गिअर ऑइल जाडीला साधारण ४०-५० च्या इंजिन ऑइलइतकंच असतं.

आणि हो, ऑइल काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते पाहा. खालचा उघडून सगळं सांडल्यावर वरचा गंजलेला निघाला, तर गाडी तिथेच बसते. बाहेर आलेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. याचं कारण बहुतेक वेळा ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा ये-जा करायची वाट. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरना नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्या. पाण्यात जाणाऱ्या गाडीवर मी हे काम सगळ्यात आधी करतो, कोणत्याही भारी ऑइलच्या आधी.

ब्रेकला डॉट ३ किंवा डॉट ४. हे फ्लुइड हवेतली ओल पितं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते, आणि लांब उतारावर पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला, क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचंही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ ही वेगळी गोष्ट, ते डॉट ४ च्याच जातीचं. कूलंटमध्ये रंगावर जाऊ नका, रंगाला काहीच प्रमाण नाही. आत काय आहे ते माहीत नसेल तर पूर्ण धुऊन काढा. तांबे-पितळी रेडिएटर असेल तर सिलिकेटवालं पारंपरिक कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं.

आता मिसिंगकडे. प्लग आधी काढून बघा. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण रिच आहे किंवा प्लग फार थंड रेंजचा आहे, म्हणजे उष्णता लवकर सोडतो आणि काजळी जाळण्याइतका तापत नाही. लो गिअरमध्ये रांगत चालवलेल्या गाडीत हे नेहमीचं. रेंज निवडताना आकड्याने फसू नका: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलट. साधा निकेलचा, मॅन्युअलमधल्या रेंजचाच घ्या. पॉइंटच्या इग्निशनला गॅप बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असतो. इरिडियम चालेल, पण तुमच्या कॉइलने त्याचा फायदा जाणवणार नाही.

नंतर अंधारात, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून एचटी वायरींवर (प्लगकडे जाणाऱ्या जास्त व्होल्टच्या वायरींवर) पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा. कुठे निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर चोर सापडला. वायरी कार्बन कोअरच्या चांगल्या घ्या, बूटच्या आत सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती पुसून भागत नाही, कॅप बदला, सोबत रोटरही. कॅप चारी बाजूंनी सिलिकॉनने लिंपून टाकायचा सल्ला मिळेल, तो मी मानत नाही. आत ओझोन तयार होतो, त्याला बाहेर जायला वाट लागते. कोंडला तर आतलं सगळं गंजतं.

पॉइंटचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी, तो हलवला की टायमिंग हलतं, म्हणून आधी गॅप आणि मग टायमिंग, उलट नाही. कॉइल बदलायची वेळ आली तर मीटरने प्रायमरी मोजा. तीन ओमच्या आसपास असेल तर थेट १२ व्होल्टची, दीड ओम असेल तर बॅलास्ट रेझिस्टरवाली (करंट आवरायला बाहेर वेगळा रेझिस्टर लागणारी). दीडची कॉइल रेझिस्टरशिवाय लावलीत तर पॉइंट जळतील. पुढे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं ठरलं तर त्याला बॅलास्टच्या आधीची पूर्ण १२ व्होल्टची फीड लागते, आणि त्यासोबत साध्या तांब्याच्या तारेच्या एचटी वायरी लावू नका, त्यांच्या विद्युत गोंधळाने मॉड्यूल अडखळतं.

हे सगळं एका दिवशी बदलू नका. एक भाग बदला, चालवून बघा, मग पुढचा. नाहीतर मिसिंग कशाने गेली हेच कळणार नाही. पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर तर चालू असेल तोवर काढूच नका, आजकालचे कितीतरी नवे कंडेन्सर डब्यातून काढल्या काढल्या दगा देतात. चालू जुना काढावाच लागला, तर तो आणि उतरवलेले पॉइंट टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा.