आंब्याच्या मोडलेल्या फांदीवरचं ऑर्किड कुंडीत लावलं, पानं पिवळी पडतायत. काय करू?

ते कुंडीतून आजच काढा, मग बाकीचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की मेढ्याजवळ मामांच्या परड्यात वळवाच्या वाऱ्याने आंब्याची फांदी मोडली, तिच्यावरचं हे झाड तुम्ही सांगलीला नेलंत आणि काळ्या मातीत शेणखत घालून लावलंत. फोटोत पानं जाड, पन्हळीसारखी दुमडलेली आहेत, टोकाला खाच आहे, आणि पांढऱ्या फुलांवर जांभळट ठिपके असलेला भरगच्च घोस खाली लोंबतोय. ही सीतेची वेणी. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, त्यातलं 'रेटुसा' म्हणजे ती टोकाची खाचच. आसामात हिला कोपौ म्हणतात. तिथलं ते राज्यफूल आहे, बिहूला मुली केसांत माळतात.

हे बांडगूळ नाही. आमच्या सासूबाई साताऱ्याच्या घरी कोयता घेऊनच निघाल्या होत्या, "आंब्याला लागलंय, काढून टाक" म्हणत. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. ही नुसती सालीला धरून बसते आणि पाऊस, दव, सालीवर साचलेला पाचोळा-धूळ यावर जगते. कोरडं असताना तिचं मूळ चुन्यासारखं पांढरं दिसतं. त्यावर फवारा मारून बघा, मिनिटाभरात हिरवट होतं. वरचं ते पांढरं आवरण टीपकागदासारखं पाणी शोषतं आणि लगेच वाळतं. मातीत ते वाळतच नाही, म्हणून मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडतात. पाणी कमी पडलं असेल समजून तुम्ही अजून घातलं असणार, बहुतेक सगळे घालतात.

आता माती पूर्ण धुऊन टाका. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी, तपकिरी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, कापल्या जागी हळद लावा. एक-दोन दिवस सावलीत उलटं टांगून ठेवा. काही होत नाही त्याला.

मग अंगणातल्या जिवंत झाडावर बांधा. आंबा सगळ्यात चांगला. पेरू किंवा निलगिरी नको, त्यांची साल सुटत राहते आणि तिच्याबरोबर ऑर्किडही खाली येतं. सकाळचं ऊन मिळेल, दुपारी सावली राहील अशी बाजू बघा. जुन्या सुती साडीची पट्टी पुरते, तारेने आवळू नका. झाड नसेल तर लाकडी पट्ट्यांची टोपली घ्या, तिच्यात लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे घाला, माती चिमूटभरही नको.

माझं पहिलं झाड मी लाडाने मारलं. मुळं उघडी बघवेनात म्हणून बुंध्यापर्यंत काथ्या गुंडाळला. जुलैच्या संततधारेत तो ओलाच राहिला आणि एके दिवशी मधलं पान हातात आलं, खालून काळं आणि वास मारणारं. ही वनस्पती एकाच शेंड्याने वाढते. तो गाभा कुजला की बाजूने फूट आली तर नशीब.

सांगलीत तुम्हाला उलटा त्रास होईल. मेढ्याच्या वरच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तुमच्याकडे पाचशे-सहाशे. त्यामुळे पावसाळा सोडून रोज सकाळी फवारा, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळीही. बोअरचं पाणी खारं असेल तर वापरू नका, मुळांवर पांढरा थर बसतो. पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं चालेल. खत म्हणाल तर द्राक्षवाल्या ओळखीच्या घरी १९:१९:१९ असेलच. लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही नवी मुळं निघाल्यावर. त्यांच्याकडचं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मात्र हिच्यावर मारू नका.

कासच्या पठारावरून जमिनीतली ऑर्किडं आणावीत का, हेही विचारलंय तुम्ही. नाही. ती कंदांवर आणि तिथल्या मातीतल्या बुरशीच्या आधाराने जगतात, कुंडीत वर्षभरात संपतात. शिवाय राखीव जंगलातून झाड उचलणं गुन्हा आहे, १९२७ च्या वन कायद्यानुसार. झाडांवरच्यांनाही तोच नियम, मोडून पडलेल्या खासगी फांदीची गोष्ट वेगळी. बी टाकून बघू म्हणाल तर ते धुळीइतकं बारीक असतं, आत अन्नसाठा नसतो, बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रुजत नाही. आणखी रोपं हवी असतील तर प्रयोगशाळेत वाढवलेली नर्सरीतून घ्या.

महिन्याभराने मुळांच्या टोकांचा फोटो टाका. टोक हिरवं, ओलसर चमकणारं दिसलं तर जगली. मुळं सालीला घट्ट चिकटली की पट्टी सोडा. पुढच्या जूनला फूल नाही आलं तरी जागा बदलू नका, माझ्या दुसऱ्या झाडाने तीन वर्षं लावली.